ऑनलाइन शिकवायचंय? आधी मुलांची वही दिसू द्या

प्रश्न : कराडजवळच्या सेमी-इंग्रजी शाळेत मी ११ वर्षं नववी-दहावीला गणित शिकवलं. यजमानांची नागपूरला बदली झाली म्हणून नोकरी सोडली. मुलगी तिसरीत आहे, त्यामुळे घरूनच ऑनलाइन शिकवावं असं मनात आहे. लॉकडाउनमध्ये तास घेतले होते, पण पोरं कॅमेरा बंद करून बसायची आणि मी एकटीच बोलत राहायचे. आता डिजिटल बोर्ड, रिंगलाइट वगैरेसाठी ५० हजार बाजूला काढलेत. घालू का? की इथल्या शाळेत अर्ज करू?
– एक पालक-शिक्षिका, नागपूर

उत्तर : ताई, ते ५० हजार तूर्त बँकेतच राहू द्या.

२०२० च्या अनुभवावरून स्वतःला जोखू नका. तेव्हा अख्खा वर्ग एका स्क्रीनवर आणि घरात फोन एकच, तोही वडील कामावर घेऊन गेलेले. त्यात कुणाचंच धड जमलं नाही. आता तुम्ही पाच-सहा मुलांची बॅच घेणार, हा खेळच वेगळा.

वर्गात तुम्ही बाकांमधून फिरत वह्यांवर नजर टाकायचात ना? ऑनलाइनमध्ये बुडतं ते नेमकं हेच. म्हणून मुलांना चेहरा दाखवायला सांगूच नका. फोन असा टेकवायला सांगा की कॅमेऱ्यात वही दिसेल. मुलांचा संकोचही जातो. समरूप त्रिकोणांचं उदाहरण घ्या. मुलगा ‘हो मॅडम, कळलं’ म्हणतो आणि वहीत पहिल्या गुणोत्तरात लहान त्रिकोणाची बाजू वर, दुसऱ्यात खाली लिहून मोकळा होतो. हात चालू असताना हे दिसलं तर दोन वाक्यांत काम होतं. रात्री व्हॉट्सॲपवर वहीचा फोटो येईपर्यंत त्याने तीच चूक पाच गणितांत गिरवलेली असते.

‘समजलं का?’ विचारणं सोडा. त्याऐवजी उत्तर चॅटमध्ये लिहून ठेवायला सांगा आणि तुम्ही म्हणाल तेव्हाच सगळ्यांनी एकदम पाठवायचं. नाहीतर एक हुशार पोर उत्तर टाकतं आणि बाकीचे तेच उतरवतात.

तुमच्या बाजूला लॅपटॉप, माइकवाला हेडफोन आणि एक जुना फोन पुरे. तो फोन पुस्तकांच्या दोन चळतींवर आडवा ठेवायचा, खाली कोरा कागद आणि जाड स्केचपेन. त्याच मीटिंगमध्ये फोनवरूनही जॉइन व्हा, मात्र त्याचा माइक आणि आवाज दोन्ही बंद ठेवा. नाहीतर कान फाटतील अशी शिट्टी वाजते. खिडकी पाठीमागे नको, समोर हवी. भूमितीच्या आकृत्या काढायला जिओजेब्रा हे सॉफ्टवेअर फुकट आहे, बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये मिळतात. पेन टॅबलेट, म्हणजे लिहिलेलं स्क्रीनवर उमटवणारी पाटी, घ्यायचाच तर फी सुरू झाल्यावर घ्या.

झूमची मोफत मीटिंग ४० मिनिटांत संपते, गूगल मीटवर तिघांहून जास्त असले तरी तासभर मिळतो. खरं तर ४० मिनिटं भरपूर झाली: थोडं शिकवायचं, मग मुलांनी सोडवायचं आणि तुम्ही बघायचं. वीज जाणारच. मोबाइलचा हॉटस्पॉट तयार ठेवा, आणि ‘मॅडम गायब झाल्या तर दहा मिनिटं सरावसंच सोडवायचा’ हे पहिल्याच दिवशी ठरवून टाका. रेकॉर्डिंग करायचं असेल तर आधी पालकांना विचारा.

विद्यार्थी नागपुरात शोधू नका. कराडचे पालक तुम्हाला ओळखतात. तिथूनच सुरुवात करा. बीजगणित आणि भूमितीचे ४०-४० गुणांचे पेपर तुमच्या हाताखालून गेलेत, हे तुमचं भांडवल. दुबईतल्या मराठी कुटुंबांचा मोह पुढे होईल. घड्याळ दीडच तास मागे असल्याने वेळ जुळते, पण तिथे बहुतेक मुलं सीबीएसईची असतात. तो अभ्यासक्रम नीट हाताळल्याशिवाय हो म्हणू नका.

ऑनलाइन शिकवणाऱ्या कंपन्यांकडेही अर्ज करता येईल, पण त्यांच्यावर संसार बेतू नका. २०२२ पासून यातल्या अनेकांनी माणसं कमी केली. करारात दोन गोष्टी वाचा: रेकॉर्डिंगवर हक्क कुणाचा, आणि सोडल्यावर स्वतःची शिकवणी घेता येते का. नोकरीआधी ‘ट्रेनिंग’चे पैसे मागितले तर फोन ठेवून द्या.

मुलीबद्दल मात्र घरात आधीच बोला. शिकवणीची गर्दी संध्याकाळी सहा ते आठची. त्या वेळात तुम्ही घरी असूनही घरात नसल्यासारख्याच असाल. तेव्हा तिचा अभ्यास आणि खाणंपिणं यजमान बघणार का?

शाळेत अर्ज जरूर करा, पण दोन्ही डगरींवर पाय ठेवता येणार नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २८ नुसार शिक्षकाला खासगी शिकवणी घेता येत नाही, आणि स्क्रीनवर घेतली म्हणून ती शिकवणी नाही असं होत नाही. म्हणून हे वर्ष कराडच्या एका बॅचवर काढा. मार्चमध्ये परीक्षा संपली की हातात किती पैसे उरले ते मांडा आणि मग जूनच्या अर्जाचं ठरवा.