ग्राहकाच्या हाती दिलेला कोड लपतो का?

देवगडहून एका वाचकाचा प्रश्न: आंबा बागायतदारांसाठी पायथनमध्ये प्रोग्राम लिहिलाय. दलालाची पट्टी भरली की आडत, हमाली, गाडीभाडे वजा होऊन पेटीमागे हातात काय पडले ते कळते. पुढच्या भावाचा अंदाजही देतो. पायइन्स्टॉलर या साधनाने ईएक्सई (थेट चालणारी फाइल) करून दिला तर कोड सुरक्षित राहील ना?

नाही राहणार. पायइन्स्टॉलर तुमचा बाइटकोड (कोडचे पायथनला समजणारे मधले रूप) आणि तो चालवणारा पायथनचा इंटरप्रिटर एकत्र बांधतो, एवढेच. ही गाठ सोडणारी साधने फुकट मिळतात. बाइटकोडवरून मूळ कोड बराचसा परत उभा करता येतो, फंक्शनच्या नावांसकट! पूर्वी पायइन्स्टॉलरमध्ये बाइटकोड एन्क्रिप्ट, म्हणजे किल्लीने कुलूपबंद, करायची सोय होती. पण किल्लीही त्याच पुडक्यात जायची, मग कुलपाचा उपयोग काय? २०२३च्या ६.० आवृत्तीत ती सोय काढूनच टाकली.

नुइटका किंवा सायथन वापरा. दोन्ही पायथनचे सी भाषेत रूपांतर करून मशीन कोड (प्रोसेसरची भाषा) बनवतात. तोही जाणकार उलगडू शकतो, पण मेहनत कितीतरी जास्त. मात्र आधी ठरवा, झाकायचे नक्की काय? आडत-हमालीची वजाबाकी कोणीही लिहील. तुमची खरी मेहनत भावाच्या अंदाजात आहे. तेवढा भाग स्वतःच्या सर्व्हरवर ठेवा, ग्राहकाला फक्त उत्तर पाठवा. बागेत रेंज नसते, म्हणून पट्टीचा हिशोब मात्र ऑफलाइनच चालू द्या.

मालवणहून: होमस्टेच्या बुकिंगसाठी एक्सेल मॅक्रो विकतो. व्हीबीए (मॅक्रोची भाषा) प्रोजेक्टला पासवर्ड टाकलाय. पुरेसा आहे?

चुकून कोणी कोड बदलू नये, यासाठी पुरेसा. चोरी त्याने थांबत नाही. एक्सएलएसएम, म्हणजे मॅक्रोवाली एक्सेल फाइल, ही मुळात झिप फाइल. आतला मॅक्रोचा कोड एन्क्रिप्ट केलेला नसतो, आणि हेक्स एडिटरने (फाइलचे कच्चे बाइट बदलणारे साधन) थोडी अक्षरे बदलली की पासवर्ड निकामी होतो. गूगल शीटकडे वळलात तरी सांभाळा: शीटची कॉपी केली की तिला जोडलेली स्क्रिप्टही सोबत जाते. स्क्रिप्ट वेगळी ठेवून वेब ॲप म्हणून, स्वतःच्या खात्याच्या परवानगीने चालवा.

चिपळूणहून: बॅकअपच्या शेल स्क्रिप्टमध्ये (कमांडची यादी असलेली फाइल) डेटाबेसचा पासवर्ड आहे. एसएचसी या साधनाने तिची बायनरी (वाचता न येणारी, थेट चालणारी फाइल) करून ग्राहकांना दिली, चालेल?

कृपा करून तो पासवर्ड आजच बदला. एसएचसी स्क्रिप्ट एन्क्रिप्ट करते खरी, पण चालताना ती उलगडून शेलच्याच (कमांड चालवणारा प्रोग्राम) हाती देते. पीएस किंवा एसट्रेससारख्या, चालू प्रोग्राम न्याहाळणाऱ्या साध्या कमांडने तिथे ती वाचता येते. प्रत्येक ग्राहकाला वेगळा पासवर्ड द्या, त्याला फक्त वाचण्याचा अधिकार ठेवा आणि तो स्क्रिप्टबाहेर, ग्राहकाच्याच मशीनवरच्या सेटिंग फाइलीत राहू द्या.

अलिबागहून: कोड उघडाच दिला तर हक्क जातो का?

जात नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार संगणक प्रोग्राम ही साहित्यकृती आहे, नोंदणी केली नसली तरी. परवान्याच्या अटी लेखी द्या. आणि त्यात जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याचा कोड मिसळला असेल, तर ज्याला प्रोग्राम दिला त्याला सोर्स कोड देणे तुमच्यावर बंधनकारक आहे, हे विक्रीआधी तपासा.