तुझ्या डमीचं कव्हर मी 6 फुटांवरून पाहिलं

हाय,

मराठी रॅपवरच्या तुझ्या मासिकाच्या डमीची, म्हणजे नमुना अंकाची, पीडीएफ मिळाली, 24 पानं. आधी मोबाईलवर बघितली, मग म्हटलं असं नाही चालणार, म्हणून कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून कव्हरची कलर प्रिंट काढली, सेलोटेपने फ्रिजवर चिकटवली आणि किचनच्या दारात जाऊन उभा राहिलो. 6 फूट अंतर असेल. बायको म्हणाली काय चाललंय, मी म्हटलं गिगमधलं, म्हणजे गाण्याच्या कार्यक्रमातलं, अंक विकायचं टेबल आहे असं समज. तिने पण बघितलं. एक माणूस अंधारात उभा, मान खाली, आणि वर पिवळ्या रंगात काहीतरी बारीक. ती म्हणाली, "सत्यकथा आहेत का खुनाच्या?"

राग मानू नकोस. फोटो चांगलाय, खरंच. पण मराठी रॅपवरचं मासिक आहे हे त्या 6 फुटांत कुठेच येत नाही, आणि याचं कारण फोटोशॉपमध्ये नाही, तू मेलमध्ये लिहिलेल्या एका ओळीत आहे: "टार्गेट ऑडियन्स: 15 ते 35, संगीत आवडणारे सगळे." अगं, 15 ते 35 मध्ये भाचा पण येतो आणि मामा पण! दोघांना एकच मासिक आवडलं तर भाचा ते घरी लपवून कशाला ठेवेल? गाण्याच्या मासिकाचं कव्हर जितकं बोलावतं तितकंच हाकलतं सुद्धा, आणि तू अजून कोणालाच हाकललेलं नाहीस. आधी ते ठरव. कव्हर बघून कोणी "हे आपलं नाही" म्हणत पुढे जावं?

यासाठी मी सगळ्यांना इंग्लंडचा 80-90 च्या दशकातला मासिकांचा रॅक बघायला सांगतो, कारण तिथे एकाच फळीवर इतकी गाण्याची मासिकं शेजारी शेजारी असायची की प्रत्येकाला कोपर मारून जागा करावी लागायची. न्यू म्युझिकल एक्सप्रेस म्हणजे एनएमई, 1952 पासूनचं साप्ताहिक, वर्षानुवर्ष वर्तमानपत्राच्या कागदावर. असल्या पेपरांना तिकडे 'इंकीज' म्हणायचे, वाचून झालं की बोटं काळी. आता बघ, बोटं काळी होणं हा पण डिझाइनचाच भाग झाला, की हे ताजं आहे, या आठवड्याचं आहे, भांडायला घ्या आणि पुढच्या आठवड्यात रद्दीत टाका. स्मॅश हिट्स 1978 मध्ये आलं, चकचकीत, रंगीत, आणि त्यात गाण्याचे शब्द छापलेले. बास, तेवढ्यावर शाळकरी पोरं तुटून पडली, कारण गाणं पाठ करायला दुसरं साधन काय होतं तेव्हा. (स्मॅश हिट्सवर मी परत येणारे.) क्यू 1986 चं, पहिल्या कव्हरवर बीटल्सचा पॉल मॅकार्टनी, म्हणजे विशीत बीटल्स ऐकलेला आणि आता पगार घेऊन सीडी प्लेअर घेणारा माणूस. लाल चौकोनात पांढरं क्यू, नीट कॉलम, रेकॉर्डना स्टार दिलेले, थोडक्यात काय विकत घ्यायचं ते सांगणारा मित्र. गंमत म्हणजे क्यू सुरू करणारे लोक स्मॅश हिट्समधूनच आले होते. तेच हात, पण वाचक बदलला तर पान बदललं.

पण तुला खरं शिकायचंय ते केरँग आणि मोजोकडून, आणि ते सुद्धा आतल्या फाँटवरून वगैरे नाही, बाइंडिंगवरून.

केरँग 1981 मध्ये साउंड्स नावाच्या साप्ताहिकाची पुरवणी म्हणून निघालं, पहिल्या कव्हरवर एसी/डीसी या रॉक बँडचा गिटारिस्ट अँगस यंग. नाव म्हणजे इलेक्ट्रिक गिटारवर जोरात कॉर्ड मारल्यावर येणारा आवाज, पुढे उद्गारचिन्ह, आणि अक्षरं काच तडकल्यासारखी. कव्हरवर इंचभर जागा मोकळी नाही, फोटोवर फोटो, ठळक मोठी अक्षरं, आत पोस्टर आहेत ते कव्हरवरच ओरडून सांगितलेलं. ग्रिड-बिड, म्हणजे पानाची नीट आखणी, शिकलेल्या आपल्यासारख्या लोकांना ते बघून डोकं दुखतं. पण तो वाचक आहे चौदा-पंधरा वर्षांचा, त्याच्या खोलीच्या भिंती अजून रिकाम्या आहेत, आणि त्याला आईने ते मासिक बघून नाक मुरडायलाच हवंय. आता असं स्टेपल केलेलं मासिक मधोमध उघड, पिना वाकव, मधलं पान अख्खं हातात येतं, ना गटरमध्ये (दोन पानांमधल्या घडीत) काही अडकत ना फाटत. भिंतीवर लावायचं मासिक स्टेपलचंच हवं.

आणि मोजो, 1993. पहिल्या अंकावर गायक बॉब डिलन आणि बीटल्सचा जॉन लेनन. जाडजूड, परफेक्ट बाइंडिंग, म्हणजे त्याला कणा आहे, कण्यावर अंक नंबर आहे, म्हणजेच ते कपाटात उभं राहणार आणि चाळिशीतला माणूस दहा वर्षांनी बोट फिरवत शोधणार. आतले लेख लांब, जुने फोटो, अक्षरांना घाई नाही. मोजोतून पोस्टर फाडायला गेलीस तर अंकच खिळखिळा होतो, पण त्याच्या वाचकाला फाडायचंच नाहीये मुळात. एक फाडण्यासाठी, एक ठेवण्यासाठी. हे ठरल्यावर फाँट आणि रंग जवळजवळ आपोआप ठरतात, निदान निम्मे वाद तरी मिटतात.

आता तुझं. 24 पानं, ए4, स्टेपल. मधलं जोडपान कुठलं? 12-13. आणि तिथे तू काय ठेवलंयस, संपादकीय! संपादकीय भिंतीवर लावणारा वाचक मला अजून भेटायचाय. उघडलं की ए3 होतं ते, अंकातली सगळ्यात महागडी जागा. तिथे पोस्टर टाक, किंवा माझं ऐकशील तर, स्मॅश हिट्सची जुनी युक्ती वापर: शब्द. रॅपमध्ये शब्दच सगळं, आणि ते इतक्या वेगात जातात की पहिल्या चार वेळा निम्मे कळतच नाहीत, त्यात बोली कोणाची आगरी, कोणाची वऱ्हाडी, कोणाची तिकडची कोल्हापुरी. अख्खा वर्स, म्हणजे रॅपचं कडवं, मोठ्या अक्षरात ए3 वर, पोरं भिंतीवर लावतील आणि पाठ पण करतील. फक्त ज्याचे शब्द आहेत त्याला विचार आणि त्याचं लेखी घे, व्हॉट्सअपवर का होईना.

पान 9 बद्दल बोलायलाच हवं. तुझ्या कन्सेप्ट नोटमध्ये डेव्हिड कार्सन या डिझायनरचं नाव बघूनच मला अंदाज आला होता की पुढे एखादं पान वाचता येणार नाही. रे गन मासिक 1992 चं, अमेरिकेतलं, आणि कार्सनने 1994 मध्ये गायक ब्रायन फेरीची अख्खी मुलाखत झॅफ डिंगबॅट्समध्ये लावली, म्हणजे अक्षरांच्या जागी नुसत्या चांदण्या, बाण, चौकोन, कारण काय तर मुलाखत त्याला कंटाळवाणी वाटली. ही गोष्ट प्रत्येक आर्ट कॉलेजात सांगतात. अर्धीच सांगतात. तीच मुलाखत त्याच अंकात मागे वाचता येईल अशी पण छापली होती. आणि रे गनचा वाचक असा होता की ज्याला सरळ पान दिसलं की मोठ्यांचं काहीतरी आहे असं वाटायचं, त्याच्यासाठी तो गोंधळ हेच आमंत्रण होतं. तुझ्या पान 9 वर कव्हरवरचाच तो रॅपर मुलगा आईच्या कामाबद्दल, चाळीतल्या खोलीत रेकॉर्डिंग करायचा त्याबद्दल बोलतोय, अंकातला सगळ्यात चांगला मजकूर आहे तो, आणि तू तो 40 अंशात तिरका करून वर लाल ब्रश फिरवलायस. कंटाळवाणा वाटला का तुला? नाही ना? मग सरळ लाव. गोंधळ घालायचाच तर गिग लिस्टिंगवर (कार्यक्रमांच्या यादीवर) घाल, हेडिंगवर घाल.

हेडिंगवरून आठवलं. इंग्रजी मासिकं ओरडतात कशी? सगळं कॅपिटलमध्ये. आपल्याकडे कॅपिटलच नाही! ही अडचण तुला कोणी शिकवणार नाही कारण सगळी उदाहरणं इंग्रजीतली दाखवतात. देवनागरीत आवाज चढवायचा तर जाडी, आकार आणि रंग, तीनच गोष्टी हातात आहेत. तू अक्षरं उभी ताणून कंडेन्स (अरुंद) केल्यासारखी केलीस, त्यामुळे शिरोरेषा जाड आणि काने बारीक झालेत, प्लीज हे करू नकोस, डोळ्यांत खुपतं. मुंबईत फाँट बनवणाऱ्या 'एक टाइप'वाल्यांचे फाँट बघ, मोदक आहे, बलू आहे, मुक्ता आहे, सगळे फुकट वापरता येतात. मोदक तर इतका गुटगुटीत आहे की अक्षराच्या आत पांढरं जवळजवळ उरतच नाही, 6 फुटांवरून मस्त दिसेल, फक्त एखाद-दोन शब्दांपुरताच वापर. आणि मजकुरात ओळींमधलं अंतर वाढव, वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांवर बसतायत. इंग्रजीची सेटिंग तशीच ठेवली असणार तू, हो ना?

काळ्या पानांवर पांढरी बारीक अक्षरं आहेत तुझी, चार पानं. इथे माझी स्वतःची लाज सांगतो. कॉलेजात असताना आम्ही रॉकचं एक मासिक काढलं होतं. तेव्हा आमचा देव म्हणजे रॉक स्ट्रीट जर्नल, 1993 मध्ये अलाहाबादहून अमित सैगलने सुरू केलेलं. मुंबई नाही, दिल्ली नाही, अलाहाबाद! छपाई काही फार भारी नव्हती, पण आपल्या देशातल्या बँडचे फोटो, आपल्या गावांची नावं, ते वाचून वाटायचं की आपण एकटेच वेडे नाही. (सैगल 2012 मध्ये गोव्यात गेला, समुद्रात बुडून. त्या दिवशी आमच्या जुन्या ग्रुपमध्ये सगळे एकदम गप्प होते.) तर त्या जोशात आम्ही अख्खं काळं पान केलं, छपाईच्या चारही शाया एकावर एक, त्यात 8 पॉइंटची पांढरी अक्षरं, आणि कागद न्यूजप्रिंट. प्लेट केसभर सरकली, शाई पसरली, आणि अक्षरं भरून गेली. 500 प्रती. प्रेसवाल्या काकांनी आधीच सांगितलं होतं, आम्हीच शहाणे. उलटी, म्हणजे काळ्यावर पांढरी, अक्षरं हवीच असतील तर ठळक फाँट, मोठा आकार, आणि मागे एकटी काळी शाई ठेव.

परत कव्हरवर येतो. तो मान खाली घालून उभा आहे, तुला ते गूढ वाटतं, कळलं मला. तू रोलिंग स्टोन या अमेरिकन नियतकालिकाचं 22 जानेवारी 1981 चं कव्हर पाठवलंस ना, की बघा इथे पण तो आपल्याकडे बघत नाही, एक ओळ सुद्धा लिहिलेली नाही. लेनन आणि त्याची बायको योको, ॲनी लिबोविट्झने काढलेला फोटो, लेननला गोळ्या घातल्या त्याच दिवशी दुपारी काढलेला. त्या महिन्यात जगात असा माणूस नव्हता ज्याला तो कोण आणि काय झालं हे सांगायची गरज होती. शिवाय रोलिंग स्टोन तोवर 13 वर्षं छापत होतं. त्यांचा 1967 चा पहिला अंक काढून बघ, तिथे पण लेननच आहे, पण भरपूर मजकूर सोबत. गप्प बसायची ऐपत हळूहळू येते ग. तुझा पहिला अंक आहे, मुलगा अजून कोणाला माहीत नाही, त्याने माझ्याकडे बघायला हवं. त्याच शूटमधला दुसरा फोटो पान 14 वर आहे, ज्यात तो हसू दाबतोय आणि मागे गल्लीतल्या वायरींचं जाळं, तो घे. उजेड पण आहे त्यात. आणि उजेड महत्त्वाचा, कारण तू अंक विकणार गिगमध्ये, अर्धवट अंधारात, टेबलावर, काळ्या कापडावर काळं कव्हर ठेवून कसं चालेल? हेच कव्हर इन्स्टावर अंगठ्याच्या नखाएवढं दिसणारे ते वेगळंच.

नाव सगळ्यात वर, पूर्ण रुंदीत. उद्या एखाद्या स्टॉलवाल्याने ठेवलंच तर तो फुटपाथवर अंक एकावर एक सरकवून मांडतो, वरची पट्टीच तेवढी दिसते. आणि वरच्या कडेपासून थोडी जागा सोड, तुझ्या नावात दोन वेलांट्या आहेत, कटिंगमध्ये त्या उडाल्या तर नावाचा अर्थच बदलेल (मी करून बघितलं, फार वाईट अर्थ होतो).

कव्हरलाईन, म्हणजे कव्हरवरच्या ओळी, तीन पुरे. "मराठी हिप-हॉपचा बदलता चेहरा" ही काढ, ही ओळ मामासाठी आहे. पान 9 वर तो म्हणतो ना, की आई कामावरून यायच्या आत रेकॉर्डिंगचा टेक संपवावा लागायचा, तेच त्याच्या शब्दांत लाव.

दुरुस्त करून पुढच्या रविवारपर्यंत पाठव, प्रिंट मीच काढेन, फ्रिजवरची जागा ठेवलीये. आणि पान 14 चा फोटो कोणी काढलाय त्याचं नाव कुठेच नाहीये अंकात, आत्ताच टाक, विसरशील.

दादा