जुनी कंबरदुखी आणि यंत्रावरचा शेक

प्रश्न : माझे वय ५६ असून मी बडोद्यास दांडिया बाजारात राहते. चार वर्षांपासून कंबर दुखते. एमआरआयमध्ये मणक्यातली गादी सरकल्याचे दिसले, पण शस्त्रक्रियेची गरज नाही, असे अस्थिरोगतज्ज्ञांनी सांगितले. तीनदा दहा-दहा दिवस फिजिओथेरपी घेतली. शेक, ट्रॅक्शन (कंबर ताणून धरणे) आणि करंट दिला की आठवडाभर बरे वाटते, मग पुन्हा तेच. पट्टा दिवसभर बांधते, वाकणे आणि मांडी घालून बसणे बंद केले आहे, घरातले हातातले भांडेही काढून घेतात. फिजिओथेरपीचा मला उपयोग नाही, असे समजावे का?

उत्तर : असे समजू नये. आपल्याला मिळाला तो फिजिओथेरपीचा सर्वांत छोटा भाग आहे. मुख्य भाग अजून सुरूच झालेला नाही, आणि याचा दोष आपल्याकडे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांत आखीव व्यायाम आणि दुखण्याविषयीचे शिक्षण यांची शिफारस आहे. ट्रॅक्शन, अल्ट्रासाउंड (ध्वनिलहरींचा उपचार), टेन्स (त्वचेवरून दिला जाणारा सौम्य करंट) आणि कमरेचा पट्टा मात्र नित्याच्या उपचारात वापरू नयेत, असे म्हटले आहे. तरीही अनेक ठिकाणी रुग्णाला यंत्राखाली निजवून अर्ध्या तासाने घरी पाठवले जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

एमआरआयच्या कागदाची भीती आधी कमी करू या. कंबर मुळीच न दुखणाऱ्या लोकांच्या तपासण्यांचा एकत्रित आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पन्नाशीतल्या सुमारे ६० टक्के लोकांच्या मणक्यातली गादी फुगलेली दिसली होती. म्हणजे गादी फुगलेली असली तरी दुखतेच असे नाही. तीन महिन्यांहून अधिक टिकणाऱ्या दुखण्यात बहुधा मज्जासंस्थाच हळवी झालेली असते. चोरी होऊन गेलेल्या वाड्याचा राखणदार जसा पुढे मांजराच्या चाहुलीनेही शिट्टी वाजवतो, तसे साध्या वाकण्यानेही शरीर धोक्याची सूचना देऊ लागते. दुखणे अगदी खरे असते, पण दर वेळी आत काही मोडते आहे असा त्याचा अर्थ नसतो. राखणदाराला पुन्हा विश्वास वाटावा, यासाठी हालचाल थोडी-थोडी आणि न चुकता द्यावी लागते.

इथेच बहुतेकांची गफलत होते. गौरी-गणपतीत बरे वाटले म्हणून दोन दिवस स्वयंपाकघरात उभे राहायचे आणि मग आठवडाभर अंथरूण धरायचे, या चक्रात ताकद घटत जाते. त्याऐवजी चार दिवस, दुखणे फारसे न वाढता किती वेळ चालता येते, ते लिहून ठेवावे. समजा २०, ८, १४ आणि १० मिनिटे झाली. सरासरी १३ येते. तिच्यातून पाचवा हिस्सा वजा करून साधारण १० मिनिटांनी सुरुवात करावी. सूरसागरच्या काठी असो वा कमाटीबागेत, चांगल्या दिवशीही १० मिनिटेच आणि वाईट दिवशीही शक्यतो तेवढीच. आठवडा नीट गेला की एक-दोन मिनिटे वाढवावीत. चालल्यावर थोडे दुखले आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत शमले तर घाबरू नये. त्याहून टिकले तर मात्रा कमी करावी, व्यायाम सोडू नये.

वाकण्याचेही असेच. माझ्याकडे येणाऱ्या एका आजींना देवघरासमोर जमिनीवर बसायचे होते. पहिले दोन आठवडे त्या उंच स्टुलावरून फक्त उठल्या-बसल्या, मग ठेंगण्या स्टुलावरून, मग पाटावर दुमडलेल्या दोन सतरंज्यांवरून. शेवटची सतरंजी काढली त्या दिवशी त्यांनी हात टेकले होते, पण बसल्या त्या जमिनीवरच. आपला पट्टाही असाच, रोज तासाभराने कमी करावा.

नव्या फिजिओथेरपिस्टकडे जाताना एकच प्रश्न विचारावा : आपल्या वेळेतला किती वेळ मी स्वतः हालचाल करणार आहे? उत्तर समाधानकारक नसेल तर दुसरीकडे जावे. खर्चाची अडचण असल्यास सयाजी रुग्णालयातही फिजिओथेरपी विभाग आहे. घरच्यांनाही एकदा सोबत न्यावे. भांडे काढून घेण्यामागे त्यांची माया आहे, हे खरे. पण ‘आज किती दुखते?’ ऐवजी ‘आज किती चाललीस?’ असे विचारणारे माणूस घरात असले की उपचाराला मोठा आधार मिळतो.

एक इशारा मात्र आवर्जून देते. लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटणे, जांघांमधल्या भागाला बधिरपणा, पायातली शक्ती झपाट्याने जाणे, ताप किंवा कारणाशिवाय वजन घटणे यांपैकी काहीही दिसल्यास व्यायाम थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

प्रश्न : जुन्या गुडघेदुखीला गरम शेक द्यावा की बर्फ?

उत्तर : ज्याने बरे वाटेल तो द्यावा, १५-२० मिनिटे, कपडा मध्ये ठेवून, मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी असल्यास दोन्ही टाळावेत. शेकाने आलेली मोकळीक वाया घालवू नका. लगेच खुर्चीवर बसून एकेक पाय सरळ करत दहा वेळा उचला.