जुना पीसी, नवं कनेक्शन
अरे, नवं कनेक्शन घेऊनही जुन्या पीसीवर नेट हळू चालतंय म्हणून लगेच प्लॅन वाढवू नकोस. आधी मोबाइल राउटरजवळ धरून स्पीड बघ. तिथे 200 एमबीपीएस येतोय आणि पीसी 90च्या पुढे हलत नाही, म्हणजे दोष लाइनचा नाही. नेटवर्क स्टेटसमध्ये लिंक स्पीड (पीसी आणि राउटरमधल्या जोडणीचा वेग) 100 एमबीपीएस दिसला, तर एक तर पीसीतलं नेटवर्क कार्ड जुनं, नाहीतर राउटरपासून पीसीपर्यंतच्या केबलचा दोष. गिगाबिटला, म्हणजे 1000 एमबीपीएसला, केबलमधल्या आठही तारा लागतात. चारच जोडल्या असतील तर 100वर अडकतं. सिडकोतल्या माझ्या घरी केबलच्या टोकाची प्लास्टिकची खिटी तुटलेली होती. टेबलाला पाय लागला की नेट गायब! दोन महिने उगाच केबलवाल्याशी भांडलो. म्हणून केबल आधी बदल, स्वस्तात सुटतं. मगच एमजी रोडच्या दुकानांत गिगाबिट कार्ड बघायला जा, पण निघण्याआधी झाकण उघडून पीसीआय एक्सप्रेसचा स्लॉट (कार्ड बसवायची खाच) रिकामा आहे का ते बघून घे.