बडोद्यात घरावर सोलर बसवायचंय, चार कोटेशनं आली आहेत. काम कोणाला द्यावं?

तुम्ही लिहिलंय की ३ किलोवॉटसाठी चौघांनीही नामांकित कंपनीचे पॅनल दिलेत, तरी भावात बराच फरक आहे. तो फरक आधी पॅनलखालच्या लोखंडी सांगाड्यात शोधा. नुसतं ‘जीआय स्ट्रक्चर’ (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडाचा सांगाडा) लिहिलेलं पुरेसं नाही. पाइपची जाडी, खांबांची उंची, हॉट-डिप गॅल्व्हनायझिंग (वितळलेल्या जस्तात बुडवून दिलेला थर) आहे का, सगळं लेखी घ्या. अर्थिंगचंही तसंच.

आपल्याकडे कित्येक गच्च्यांवर चायना मोझेक, म्हणजे फुटक्या टाइल्सच्या तुकड्यांची फरशी असते. खांबांसाठी त्यात भोकं पाडली की तिथलं वॉटरप्रूफिंग गेलंच, आणि पावसाळ्यात खालच्या खोलीच्या छताला ओल येते. कारेलीबागेतल्या आमच्या घरासाठी मी प्रत्येकाला विचारलं, भोकं कशी बुजवणार आणि गळलं तर दुरुस्ती कोणाची? ज्याने काँक्रीटच्या ठोकळ्यांवर खांब कसे बसतील ते काढून दाखवलं आणि गळतीची जबाबदारी लिहून दिली, त्यालाच काम दिलं. तो सगळ्यांत स्वस्त नव्हता.

गच्चीवर न चढता व्हॉट्सअ‍ॅपच्या फोटोंवरून भाव सांगणाऱ्याला सरळ नाही म्हणा. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे खाली असतो, तेव्हा टाकीची, जिन्याच्या खोलीची सावली लांब पडते. एका पॅनलवर सावली आली तरी त्याच्याशी जोडलेल्या बाकीच्यांची वीज घटू शकते. हे त्याने स्वतःहून बोलायला हवं.

उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, पतंग उडवायला अख्खं घर गच्चीवर असतं, म्हणून बरेच जण पॅनल उंच घेतात. जरूर घ्या, पण उंचीबरोबर वाऱ्याचा ताणही वाढतो, तेव्हा खांबांना तिरपे आधार हवेतच. अडकलेला मांजा काढायला आणि पॅनल धुवायला हात पोचेल एवढी वाटही ठेवायला सांगा.

पीएम सूर्यघर या केंद्राच्या सोलर अनुदान योजनेच्या पोर्टलवर व्हेंडरचं नाव आहे का बघा. ३ किलोवॉटचं ७८,००० रुपये अनुदान थेट तुमच्या खात्यात येतं, त्यामुळे चारही भाव अनुदान न वजा करता ताडून पाहा. अनुदानाला भारतात बनलेल्या सोलर सेलचेच पॅनल लागतात, तेही कोटेशनमध्ये यायला हवं. ५ वर्षांची देखभाल योजनेच्या अटीतच आहे, ती ‘फ्री’ म्हणून कोणी पुढे केली तर भुलू नका. शेवटचा हप्ता एमजीव्हीसीएलचा (इथल्या वीज कंपनीचा) नेट मीटर, म्हणजे घेतलेली आणि परत दिलेली वीज मोजणारा मीटर, लागून सिस्टीम चालू झाल्यावरच द्या.

आणि पैसे देण्याआधी त्याने दोन-तीन वर्षांपूर्वी केलेलं एखादं घर बघून या. पॅनल कसे दिसतात ते राहू दे, इन्व्हर्टर बंद पडला तेव्हा माणूस किती दिवसांनी आला, हे त्या घरच्यांना विचारा.