यावल तालुक्यातल्या गावात किराणा दुकान टाकायचंय, आधी काय तपासावं?
गाळ्याची अनामत देण्याआधी त्या जागेसमोर तीन दिवस उभे राहा, त्यातला एक आठवडे बाजाराचा असू द्या. सकाळी 7 ते 9 आणि संध्याकाळी 6 ते 8 किती जण पिशवी घेऊन जातात, ते वहीत लिहा.

खरी अडचण उधारीची. केळीच्या बागेतल्या मजुराला आठवड्याला पैसे मिळतात, त्याचं खातं फिरतं राहतं. कपाशीवाल्याची उधारी जून-जुलैत सुरू होते आणि कापूस विकल्यावर, दिवाळीच्या आसपास किंवा नंतर मिटते. म्हणजे पाच महिने पैसा अडकला! सगळं भांडवल मालात घालू नका, निदान तिसरा हिस्सा हातात ठेवा. नाहीतर पोळ्याला तेल-साखर भरायलाही पैसे उरत नाहीत. उधारीची मर्यादा पहिल्याच दिवशी ठरवा, मग बदलता येत नाही.

तेल-साखरेवर फार सुटत नाही, पण गिऱ्हाईक त्यासाठीच येतं. मसाले आणि सुट्या डाळींवर जरा बरं सुटतं.

एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षा खात्याची नोंदणी लागतेच. फक्त मालाची, राज्यातल्या राज्यात विक्री वर्षाला 40 लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. इलेक्ट्रॉनिक काट्याला मात्र दरवर्षी वैधमापन (वजन-मापं तपासणाऱ्या) विभागाचा शिक्का घ्या.