आधी ती पॉलिसी परत करा, सॉफ्टवेअरचं सोपं आहे

रत्नागिरीजवळून एका ताईंचं पत्र आलंय. आमरसाचे डबे, फणसपोळी, कोकम आगळ असा घरचा धंदा. खर्च वजा जाता वर्षाला चारेक लाख सुटतात. वेबसाइटवरचे भाव बदलायला ती बनवून देणारा दर खेपेला 800 रुपये घेतो. म्हणून त्या विचारतात: वेबसाइट बनवायचं, महिना दोन हजारांचं ड्रीमविव्हर हे सॉफ्टवेअर घेऊ, की सात हजारांत एकदाच मिळणारं दुसरं काही? शेवटी सहज एक ओळ आहे: ‘पैशांची काळजी नाही. बँकेतल्या साहेबांनी 1 लाखाची एफडी करून दिलीय, पाच वर्षांत दुप्पट.’ सोबत कागदांचे फोटो.

ताई, दोन्ही सॉफ्टवेअर घेऊ नका. भाव तुम्ही वर्षातून तीनदा बदलता. ड्रीमविव्हरचे वर्षाला 24,000 भागिले तीन, म्हणजे एका बदलाला 8,000. त्यापेक्षा 800 परवडले. तुमची पानं मी उघडून पाहिली, साध्या एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेबपानांच्या नेहमीच्या भाषेत, लिहिलेली आहेत. नोटपॅड++ हे मजकूर बदलायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि तेवढं पुरे. आधी फाइलची एक प्रत बाजूला ठेवा. मग जुना भाव, समजा 450, शोधा, तिथे नवा 480 लिहा, आजूबाजूच्या टोकदार कंसांना हात लावू नका. सेव्ह करताना एन्कोडिंग यूटीएफ-8 आहे ना ते बघा, नाहीतर ‘फणसपोळी’च्या जागी भलतीच चिन्हं दिसतील. फाइल वर चढवायला फाइलझिला, तेही फुकट. लॉगिन आणि पासवर्ड मात्र त्या माणसाकडून आजच मागून घ्या. साइट तुमची आहे.

आता ते कागद. ती एफडी नाही. ती विमा पॉलिसी आहे: दरवर्षी 1 लाख, दहा वर्षं भरायचे, आणि विसाव्या वर्षी साधारण 18 लाख. पाच वर्षांत दुप्पट व्हायला वर्षाला जवळपास पंधरा टक्के लागतात. इथे जेमतेम चार पडतात. तेच हप्ते पीपीएफ या सरकारी बचत योजनेत भरले आणि आजचा 7.1 टक्के दर टिकला, तर वीस वर्षांनी साडेएकोणतीस लाख होतात. विम्याचं म्हणाल तर कवच फक्त 10 लाखांचं. दोन शाळकरी मुलं असलेल्या घराला ते काय पुरणार? सहीच्या पानावर एफडी हा शब्द कुठेच नाही. तुम्ही साहेबांवर विश्वास ठेवलात आणि त्यांनी त्याचा गैरफायदा घेतला. हे वाचून मला खरोखर संताप आला.

त्याहून वाईट गोष्ट पत्राच्या मध्यावर आहे. मेमध्ये आंबे उचलायला तुम्ही सोनं गहाण ठेवलंत, 1 लाख, बारा टक्क्यांनी, आणि ते अजून सुटलेलं नाही. म्हणजे वर्षाला 12,000 व्याज भरायचं आणि दुसऱ्या हाताने 1 लाख चार टक्क्यांवर अडकवायचे. तुमचा पैसा हंगामाचा आहे, मार्च ते मे तो हाताशीच हवा. दहा वर्षांचा हप्ता अशा धंद्याच्या गळ्यात बांधायचाच नसतो.

सुदैवाने अजून वेळ आहे. पॉलिसी हातात पडल्यापासून 30 दिवसांत ती परत करता येते, त्याला फ्री-लूक म्हणतात. मुद्रांक शुल्क, झाली असल्यास वैद्यकीय तपासणी आणि तेवढ्या दिवसांचा विमाखर्च कापून बाकी रक्कम मिळते. तुमच्या घरी पॉलिसी 24 तारखेला आली, आज 14. जेमतेम नऊ दिवस उरलेत, म्हणून हेच उत्तर तुम्हाला ईमेलनेही पाठवतोय.

अर्ज बँकेला नको, थेट विमा कंपनीच्या शाखेत द्या. ‘एफडी सांगून विमा दिला, फ्री-लूकमध्ये रद्द करावा’ एवढंच लिहा, पॉलिसी क्रमांक घाला, पोच शिक्क्यासह घ्या. खात्यातून हप्ता आपोआप कापायची परवानगी दिली असेल तर तीही रद्द करा. साहेब घरी येतील, चहा घेतील, ‘एकच हप्ता भरा, मग बघू’ म्हणतील. ऐकू नका. कंपनीने टाळाटाळ केली तर विमा नियामकाच्या ‘बिमा भरोसा’ पोर्टलवर तक्रार टाका.

पैसे आले की पहिल्यांदा सोनं सोडवा. मग मिळवत्या माणसाच्या नावावर 50 लाखांचा साधा टर्म विमा, म्हणजे फक्त मृत्यूनंतर घरच्यांना पैसे देणारा, घ्या. पोच मिळाली की मला फोटो पाठवा.